काखेतल्या गाठींसाठी एमआरआय : माझा अनुभव (इंदूर)

ब्रेस्ट कॅन्सर म्हटलं की घरातले सगळे ब्रेस्टमधल्या गाठीबद्दल बोलतात, केवढी आहे, कुठे आहे, नुसती गाठ काढणार की सगळंच काढणार. डॉक्टर मात्र पुन्हा पुन्हा हात वर करायला सांगतात आणि काख चाचपतात. कारण ब्रेस्टमधलं लिम्फचं पाणी बहुतेक करून काखेतल्या लिम्फ नोड्समधून, म्हणजे गाळणीचं काम करणाऱ्या छोट्या गाठींमधून जातं आणि कॅन्सर पसरायला लागला तर बहुधा तिथे आधी पोचतो. तो तिथे पोचलाय की नाही यावर बाकीचं बरंच ठरतं, आधी ऑपरेशन की आधी केमो, काखेतले दोन-तीन नोड काढायचे की सगळं साफ करायचं, रेडिएशन कुठवर द्यायचं. आणि काख साफ केली की हात सुजायचा त्रास, ज्याला लिम्फएडिमा म्हणतात, तो आयुष्यभर मागे लागू शकतो. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय, कारण माझ्या ओळखीतल्या दोघीतिघी आत्ता याच टप्प्यावर आहेत आणि प्रत्येकीचा प्रश्न तोच, एमआरआयमध्ये नोड "सस्पिशियस", म्हणजे संशयास्पद, आलाय, म्हणजे पसरला का?

माझं वय बावन्न, पाळी गेलेली, घर राजेंद्र नगरला. डाव्या बाजूला वरच्या बाहेरच्या भागात गाठ. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी, रिपोर्ट इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होऊन बाहेर शिरलेला कॅन्सर, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा, आणि हर-टू निगेटिव्ह, म्हणजे हर-टू नावाचं प्रोटीन वाढलेलं नाही. हा भाग ज्यांच्यावर आलाय त्यांना माहीत आहे, इथे थांबत नाही.

अडलं ते पुढे. मॅमोग्राफीत गाठ दोन सेंटीमीटरच्या आसपास दिसत होती आणि सोनोग्राफीवाल्या मॅडमनी तीनच्या जवळ लिहिली होती. माझे ब्रेस्ट डेन्स आहेत, म्हणजे आत चरबी कमी आणि ग्रंथींचं टिशू जास्त, मॅमोग्राफीत ते पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच दिसते. त्यात काखेतल्या एका नोडबद्दल लिहिलं होतं की त्याची साल थोडी जाड वाटते. सर्जन म्हणाले, "एमआरआय हम सबका नहीं करवाते, आपका करवाएँगे." मी विचारलं का. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एक, गाठीचा खरा साइज आणि अजून कुठे दुसरी गाठ आहे का ते. दुसरं, दोन्ही काखा एकाच फोटोत शेजारी शेजारी बघता येतात, डाव्या-उजव्यात फरक दिसला तर लगेच कळतो. तिसरं, छातीच्या मधल्या हाडाला लागून आतल्या बाजूला जे नोड असतात, इंटर्नल मॅमरी, ते सोनोग्राफीत बरगड्यांमुळे नीट सापडत नाहीत, एमआरआयमध्ये दिसतात. आणि मग त्यांनी जे म्हटलं ते मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं, "रिपोर्ट में कुछ भी लिखा आए, सुई के बिना मैं नहीं मानूँगा."

मला वाटतं प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांना हे सरळ विचारावं, या तपासणीच्या उत्तराने माझ्या ट्रीटमेंटमध्ये काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर एवढा खर्च आणि एवढी धाकधूक कशाला. आणि बदलणार असेल तर काय बदलणार हे आधीच माहीत असलं की रिपोर्ट हातात आल्यावर माणूस कोसळत नाही.

आता सेंटर शोधणं. इंदुरात एमआरआय मशीन भरपूर झाली आहेत, पलासिया-गीता भवनच्या पट्ट्यात तर चार पावलांवर बोर्ड दिसतो, पण ब्रेस्टच्या एमआरआयला वेगळी ब्रेस्ट कॉइल लागते, दोन खोलगट जागा असलेली, तिच्यावर पालथं झोपायचं असतं. ती सगळीकडे नसते. एका ठिकाणी फोनवर मला सांगितलं की हो जाएगा, आप आ जाओ. माझ्या नणंदेने, आमच्या वन्संनी, फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, कॉइल आहे का, पालथं झोपवता का. तेव्हा कळलं की ते उताणं झोपवून छातीचा साधा एमआरआय करून देणार होते. आमच्या सर्जननी अगदी स्पष्ट सांगितलं होतं, ब्रेस्ट कॉइलशिवाय करू नका आणि चिठ्ठीवर दोन्ही काखा पूर्ण घ्यायला लिहिलंय ते टेक्निशियनला दाखवा, कारण कॉइलची ताकद ब्रेस्टजवळ असते, काखेच्या वरच्या टोकाला चित्र फिकं पडतं आणि कधीकधी तेवढा भाग फोटोच्या चौकटीबाहेरच राहतो. मग दुसरं सेंटर घेतलं. वन्संचं वय सत्तरच्या पुढे, पण फोनवर असं विचारायला कुणाला ऐकणार नाहीत.

जायच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन करून घेतलं. एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध, गॅडोलिनियमचं असतं, सीटी स्कॅनचं आयोडिनवालं नाही, आणि किडनी फार कमजोर असेल तर ते देताना विचार करावा लागतो. ज्यांची पाळी चालू आहे त्यांना शक्य असेल तर पाळीच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात बोलावतात, तेव्हा बाकीचं टिशू कमी चमकतं. पण कॅन्सर कळलेला असेल तर त्याच्यासाठी फार थांबत नाहीत.

धातू अंगावर काही चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, चमकी, केसांच्या पिना, हुकाची ब्रा, सगळं काढायचं. माझी जोडवी निघेनात. लग्नापासून काढलीच नव्हती आणि बोटं जाड झालेली. तिथली नर्स, इंदुरातलीच मुलगी, साबणाचं पाणी घेऊन खाली जमिनीवर बसली आणि हळूहळू फिरवून फिरवून तिने ती काढली, तोंडाने सारखं "बस आंटी, हो गया, हो गया." वन्संनी मंगळसूत्र आणि जोडवी रुमालात बांधून पदराच्या आत खोचली आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जा निवांत, मी इथेच बसलेय." त्या वेळी मला रडू आलं, आधी नव्हतं आलं.

आतलं सांगते, कारण भीती त्याचीच असते. गाउन पुढून उघडा घालायचा. हाताला सुई लावून ठेवतात, कॉन्ट्रास्ट नंतर मशीनने त्यातूनच जातं. मी आधीच सांगितलं होतं की डाव्या हाताला टोचू नका, तिकडे गाठ आहे, तर उजव्या हाताला लावली. मग पालथं झोपायचं, ब्रेस्ट त्या दोन खोलगट जागांत खाली सोडायचे, कपाळ आणि गाल टेकायला मऊ रिंग असते, हात डोक्याच्या वर. छातीच्या हाडावर सगळा भार येतो आणि पाच मिनिटांनी तिथे टोचायला लागतं, खरं कठीण तेच आहे, बोगद्याची भीती मला तरी पालथं असल्यामुळे कमी वाटली कारण वरचं छत दिसतच नाही. हातात रबरी फुगा देतात, दाबला की ते आत येतात. कानावर हेडफोन तरी आवाज जबरदस्त, ठक ठक ठक, मग घर्र, मग थांबतं आणि वाटतं झालं, तर पुन्हा सुरू. अर्ध्या तासाहून जास्त गेलं असेल. मध्येच आवाज आला, "अब दवाई जा रही है, हिलना नहीं है," आणि दंडातून थंडगार सरसर वर चढलं आणि तोंडात जरा लोखंडासारखी चव आली. त्यानंतर तेच तेच फोटो पुन्हा पुन्हा काढतात, कारण कॉन्ट्रास्ट गाठीत किती वेगाने शिरतं आणि किती वेगाने बाहेर येतं ते बघायचं असतं. यात हललं की सगळं वाया. मी मनात रामरक्षा म्हणत होते, श्वास हळू घेत.

रिपोर्ट आला तो अनंत चतुर्दशीच्या दिवशी, इकडे झांक्यांची, म्हणजे चित्ररथांची गर्दी म्हणून संध्याकाळनंतर राजवाड्याकडचे रस्ते बंद, त्यामुळे मुलाने दुपारीच जाऊन आणला. गाठ एकच, दोन पूर्णांक सहा सेंटीमीटर. इंटर्नल मॅमरीत काही नाही. आणि खाली, डाव्या काखेत लेव्हल वनला दोन नोड, गोलसर, कॉर्टेक्स तीन मिलिमीटरपेक्षा जाड, एकाची फॅटी हायलम दिसत नाही, सस्पिशियस. घरात कोणी जेवलं नाही नीट. पुण्याहून ताईचा फोन, अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढते, मुंबईला टाटालाच चला.

दुसऱ्या दिवशी रेडिऑलॉजिस्ट मॅडमना भेटायला गेलो, आणि हे प्रत्येकीने करावं असं मी अगदी मनापासून सांगते, रिपोर्ट वाचणाऱ्या माणसाला भेटता येतं, मागितलं तर बहुतेक वेळा वेळ देतात. त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. चांगला नोड राजम्याच्या दाण्यासारखा असतो, लांबट, एका बाजूला खाच, त्या खाचेत चरबी म्हणजे हायलम, आणि बाहेरून पातळ साल म्हणजे कॉर्टेक्स. कॅन्सर आधी सालीत येतो, साल जाड होते, मग चरबी दाबली जाते, दाणा गोल होतो. म्हणून आकार बघतात, जाडी बघतात, चरबी आहे की गेली ते बघतात आणि उजव्या काखेशी ताडून बघतात. छातीचा जो लहान स्नायू आहे त्याच्या बाहेरच्या बाजूचे नोड ते लेव्हल वन, त्याच्या मागचे टू, त्याच्याही आतल्या वरच्या बाजूचे थ्री. माझे वनमध्येच होते.

मी विचारलं, कॉन्ट्रास्टने कळत नाही का, ब्रेस्टमधल्या गाठीचं तर कळतं. इथे त्यांनी जे सांगितलं ते मला कुठेच कोणी सांगितलं नव्हतं. ब्रेस्टमध्ये एखादी जागा चटकन चमकली आणि चटकन उतरली तर कॅन्सरचा संशय येतो, पण नोडमध्ये मुळात रक्त भरपूर, त्यामुळे अगदी चांगला नोडही तसाच चमकतो आणि तसाच उतरतो. डिफ्युजन नावाचे फोटो असतात त्यातही चांगला नोड उजळ दिसतो आणि वाईटही. म्हणजे जे हत्यार ब्रेस्टमध्ये चालतं ते काखेत बोथट पडतं. आणि एखाद्या नोडमध्ये कॅन्सर दीड-दोन मिलिमीटरचाच असेल तर नोडचा आकारच बदललेला नसतो, त्याला कोणताही एमआरआय पकडू शकत नाही. त्यांनी असंही सांगितलं की लोखंडाच्या बारीक कणांचं एक कॉन्ट्रास्ट असतं, चांगला नोड ते खाऊन काळा पडतो आणि कॅन्सरचा भाग पांढरा राहतो, २००३ साली प्रोस्टेटच्या पेशंटवर त्याचा चांगला अभ्यास छापून आला होता, पण आपल्याकडे रोजच्या तपासणीत ते नाही.

मग त्यांनी माझे हात बघितले. डाव्या अंगठ्याला पट्टी होती. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी सुरण चिरताना विळी लागली होती आणि ते पिकलं होतं, पू झाला होता, घरच्या कामात कोण त्याच्याकडे बघतं. मॅडमनी विचारलं किती दिवस झाले, ताप होता का, या हाताला इतक्यात कोणती लस घेतली का. कारण डाव्या हाताचंही पाणी डाव्या काखेतूनच जातं, हाताला जंतू लागले किंवा दंडात लस घेतली की तिथले नोड फुगतात. त्यांनी ते रिपोर्टच्या शेवटी लिहूनही दिलं. म्हणून काखेची कोणतीही तपासणी असेल तर हाताची जखम, गळू, लस हे न विचारता सांगून टाकायचं, त्याचा इथे खरंच संबंध आहे.

त्यानंतर सेकंड लुक सोनोग्राफी झाली, म्हणजे एमआरआयचा फोटो शेजारी ठेवून सोनोग्राफीत तेच नोड शोधायचे. जो जास्त वाईट दिसत होता त्यातून बधीर करून जाड सुईने तुकडे घेतले. काखेत सुई म्हटलं की अंगावर काटा येतो पण खरंच सांगते, टोचल्यापेक्षा टक् असा आवाज होतो तोच दचकवतो. त्यात कॅन्सर निघाला असता तर आधी केमो आणि त्या नोडमध्ये बारीक धातूची क्लिप ठेवली असती, म्हणजे केमोने तो लहान झाला तरी ऑपरेशनच्या वेळी नेमका तोच सापडावा. माझा रिपोर्ट आला, रिअ‍ॅक्टिव्ह, कॅन्सर नाही. इन्फेक्शनमुळे फुगलेला.

घरात जणू दिवाळी. सर्जन मात्र शांत. म्हणाले सुईने एका नोडचा एक कोपरा बघितलाय, काख क्लियर आहे असं मी अजून म्हणणार नाही, सेंटिनल बायोप्सी करूच. सेंटिनल म्हणजे ब्रेस्टमधलं पाणी ज्या नोडमध्ये सगळ्यात आधी जातं तो. तोवर पितृपक्ष लागला होता आणि सासरच्या काही मंडळींचं म्हणणं पडलं की पंधरवडा जाऊ दे. ह्यांनी एवढंच म्हटलं, "आईबाबा असते तर तेच म्हणाले असते की आधी हिला बघा." विषय संपला. ताईची समजूत अशी घातली की सगळ्या फाइलचे फोटो आणि एमआरआयची सीडी मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनीही हेच सुचवलं.

ऑपरेशनच्या आधी ब्रेस्टमध्ये रेडिओअ‍ॅक्टिव्ह टेक्नेशियम टोचतात आणि ऑपरेशन टेबलावर निळा डाय, मग जो नोड निळा होतो किंवा ज्याच्यावर गॅमा प्रोब, म्हणजे ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध ओळखणारं यंत्र, वाजतो तो काढतात. माझे तीन निघाले. नंतर लघवी निळी-हिरवी होते, घाबरू नका, ते डायमुळे. ऑपरेशन चालू असतानाच जी झटपट तपासणी करतात, फ्रोझन सेक्शन, त्यात तिन्ही क्लियर. ब्रेस्टमधली फक्त गाठ आणि कडेचा भाग काढला.

फायनल रिपोर्ट काही दिवसांनी आला. एमआरआयने ज्याच्यावर बोट ठेवलं होतं त्या जागेचे फुगलेले नोड साफ. आणि तिसरा, लहानसा, जो एमआरआयमध्ये अगदी नॉर्मल होता, फ्रोझनमध्येही नॉर्मल, त्याच्यात एक पूर्णांक चार मिलिमीटरचा कॅन्सरचा ठिपका. याला मायक्रोमेटास्टेसिस म्हणतात, शून्य पूर्णांक दोन ते दोन मिलिमीटरपर्यंतचा.

मी खुर्चीत बसून विचारलं, म्हणजे आता काख साफ करायची? सर्जन म्हणाले नाही, आणि का नाही ते नीट सांगितलं. पूर्वी करायचे. मग अमेरिकेतला झेड-झिरो-इलेव्हन अभ्यास २०११ साली आला. गाठ फार मोठी नाही, ब्रेस्ट वाचवलेला, नंतर रेडिएशन दिलेलं आणि सेंटिनल नोड एक किंवा दोनच पॉझिटिव्ह, अशा ८९१ बायका. अर्ध्यांची काख साफ केली, अर्ध्यांची नाही. दहा वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण काख साफ न केलेल्यांत ८६.३ टक्के आणि केलेल्यांत ८३.६ टक्के, म्हणजे न केल्याने काही नुकसान झालं नाही. आणि माझ्यासारख्या मायक्रोमेटास्टेसिसवाल्या बायकांवर वेगळा अभ्यास, २०१३ साली छापलेला, त्याचंही उत्तर तसंच. टीमची मीटिंग झाली आणि ठरलं की रेडिएशन आणि हार्मोनची गोळी, काखेला पुन्हा हात लावायचा नाही. केमोची चर्चा वेगळी झाली, ती प्रत्येकीची वेगळीच असते.

आता मला कोणी विचारलं की मग एमआरआय फुकट गेला का, तर मुळीच नाही. गाठ एकच आहे हे त्यानेच पक्कं सांगितलं म्हणून ब्रेस्ट वाचवता आला, छातीच्या हाडाजवळ काही दिसत नाही हे कळलं, आणि सुई कुठे घालायची ते कळलं. फक्त नोडमध्ये कॅन्सर आहे की नाही याचं शेवटचं उत्तर त्याच्याकडे नाही, ते सुईकडे आणि पॅथॉलॉजीच्या काचेवर आहे, सस्पिशियस लिहिलं म्हणून असेलच असं नाही आणि नॉर्मल लिहिलं म्हणून नसेलच असंही नाही. मधल्या त्या दिवसांत घरातल्यांनी पेशंटसमोर स्टेज मोजत बसू नये, कुणाच्या मावशीचं काय झालं ते सांगू नये. फाइलमध्ये कागद तारखेप्रमाणे लावावेत, सीडी जपून ठेवावी, नुसता रिपोर्ट पुरत नाही, दुसरे डॉक्टर फोटोच मागतात.

डावा हात ठीक आहे. व्यायाम रोज करते, भिंतीवर बोटं चढवायचा आणि खांदा फिरवायचा. सेंटिनलनंतरही सूज येऊ शकते, काख साफ केल्यापेक्षा बरीच कमी शक्यता, पण शून्य नाही, म्हणून त्या हाताला कापलं, भाजलं तर लगेच धुऊन मलम लावते. वर्षाने मॅमोग्राफी आहे. एमआरआय पुन्हा करायचा का विचारलं तर डॉक्टर म्हणाले आत्ता गरज नाही, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत काही शंका आली तर बघू.